कुठे थांबलीस?

लेकीनं फोनवर नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला, त्याला आज दहा दिवस झाले होते. या दहा दिवसांत ते "हं" आईच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. कपडे वाळत घालताना, गॅस बंद केला की नाही हे दुसऱ्यांदा बघायला जाताना मध्येच ते कानाशी यायचं. लेक रागावली असती तर परवडलं असतं. रागावलेली माणसं बोलतात तरी. हे "हं" म्हणजे दुकानदारानं नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक "बरं, राहू दे" म्हणून पायरी उतरतं, तसलं होतं.

"अगं, कामात असेल," बाबा म्हणाले. ते स्वयंपाकघरात स्टुलावर चढून दिव्याचा होल्डर बदलत होते. "मेसेजला उत्तर येतंय ना तिचं?"

"नुसता अंगठा येतो."

"मग झालं की. अंगठा आला म्हणजे हात शाबूत आहे."

आईला हसू आलं नाही. स्टूल धरून ती तशीच उभी राहिली.

लेक चौतीस वर्षांची. घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या मोठ्या शहरात ती एकटी राहायची आणि दातांच्या कवळ्या करायची. दातांची डॉक्टर नव्हे. नातेवाइकांत हा घोटाळा कायम व्हायचा. मावशी तर दाढ दुखली की अजून तिलाच फोन करायची. दवाखान्यात डॉक्टर बिनदातांच्या तोंडाचा ठसा घेतात आणि डबीत घालून लेकीच्या लॅबमध्ये पाठवतात, सोबत एक चिठ्ठी. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची आणि तिच्यात एकेक दात रोवत जायचं. चिठ्ठीवर दातांच्या छटेचा नंबर असतो, वय असतं, बाई की पुरुष ते असतं. चेहरा नसतो. गेल्या वर्षी आई तिच्याकडे गेली होती तेव्हा हट्टानं लॅब बघून आली. लांबलचक टेबल, त्यावर पाच जणी, प्रत्येकीच्या डोक्यावर आपापला दिवा, आणि पॉलिशच्या चाकाचा आवाज एवढा की बोलायची सोयच नाही. लेकीच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी भुकटी बसली होती.

"मग कवळी नीट बसली की कळवतात का गं ते लोक?" आईनं बाहेर आल्यावर विचारलं.

"बसली की कुणी कळवत नाही. नाही बसली की परत येते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, खाली डावीकडे टोचते."

"आणि नाहीच आली परत?"

"मग कुणीतरी जेवत असेल," लेक म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. कप दोन होते, पण एकात पेनं ठेवलेली. आई तिथे चार दिवस राहिली, त्या चार दिवसांत दारावरची बेल एकदा वाजली आणि तीही शेजारच्यांचं पार्सल चुकून आलं म्हणून. "कुणी येत नाही का गं तुझ्याकडे?" हा प्रश्न आईच्या ओठांवर चारही दिवस होता. विचारला असता तर लेकीनं "येतात की" म्हटलं असतं, आणि मग त्या खोट्याचं काय करायचं हे तिला कळलं नसतं.

जेवण झालं की मात्र लेक लॅपटॉप उघडायची आणि तासभर लिहीत बसायची. समोर कुणीतरी बोलतंय आणि ही नीट ऐकतेय, असा तेव्हा तिचा चेहरा व्हायचा.

"काय लिहितेस एवढं?"

"अभिप्राय."

"कुणाला?"

"ओळखत नाही मी त्यांना."

मग तिनं सांगितलं, ते आईला जेमतेम कळलं. बारा वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. समुद्राच्या तळाशी एक पोलादी तळ, त्यात अडकलेली सात माणसं. वर जायचं दार अर्धवट उघडलं आणि त्याच भागावर वाहिनीनं मालिका बंद करून टाकली. बघणारे हळहळले आणि विसरले. काही मात्र विसरले नाहीत. त्यांनी एक साइट काढली आणि त्या सात जणांच्या पुढच्या गोष्टी स्वतःच लिहायला घेतल्या. असल्या लिखाणाला फॅनफिक्शन म्हणतात. माणसं दुसऱ्याची, गोष्ट आपली. ना त्यात कुणी नाव कमावतं ना पुस्तक निघतं. लिहिणाऱ्याला मिळतो तो फक्त अभिप्राय. साइटवर सगळे टोपणनावानं वावरायचे. लेकीचं नाव होतं 'अर्धविराम'. अकरा वर्षं ती तिथे होती. त्या अकरा वर्षांत तिनं एकही गोष्ट लिहिली नव्हती. ती फक्त इतरांच्या गोष्टी वाचायची आणि अभिप्राय द्यायची.

आणि तेरा दिवसांपूर्वी, रविवारी, तिचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा एक पायरी वर.

"आई, मी गोष्ट टाकलीय."

"कुठे टाकलीस? शोध, तिथेच असेल."

"अगं, साइटवर टाकलीय! लिहिलीय मी. लिंक पाठवते." मग जरा थांबून, हसल्यासारखं करून, "पंधरा दिवस ठेवीन. कुणालाच काही वाटलं नाही तर काढून टाकीन. सगळंच काढून टाकीन."

आईनं लिंक उघडली. मुंग्यांसारखी अक्षरं, खाली सरकवावं तेवढं लांबत जाणारं पान. चष्मा दुसऱ्या खोलीत होता आणि कुकरची शिट्टी व्हायची होती. सवडीनं वाचू, तिनं ठरवलं. बुधवारी लेकीचा फोन आला तोवर सवड झालेली नव्हती.

"वाचलीस?"

"वाचली की! छान आहे."

लेकीनं हलक्या आवाजात विचारलं, "कुठे थांबलीस?"

आईला वाटलं, चोरी पकडली गेली. अर्धवट टाकलीस का, असंच विचारतेय ही. शाळेतल्या मुलीसारखी ती गडबडली आणि म्हणाली, "थांबतेय कुठली! एका दमात वाचली. कुठ्ठेसुद्धा थांबले नाही!"

"हं," लेक म्हणाली.

तर असं ते "हं".

यात आईची वर्षानुवर्षांची सवयही आड आली होती. सव्वीस वर्षं ती शाळेच्या ऑफिसात होती. प्रगतिपुस्तकांवर शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असायचा आणि त्यासाठी ऑफिसात तीन रबरी शिक्के होते. 'छान', 'समाधानकारक' आणि 'अजून प्रयत्न हवेत'. वर्गशिक्षिका नुसत्या बोट दाखवायच्या आणि ही शिक्का मारायची. एका दुपारी चारशे पोरांना. त्यातली किती पोरं तो शब्द घरी जाऊन पुन्हा पुन्हा बघत असतील, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवला नव्हता. बीए झालेली बाई, पण शाईच्या पॅडचीच काळजी जास्त.

पुढे तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "कामात आहे, नंतर बोलते." नंतर काही आलं नाही. शेवटी परवा, गुरुवारी दुपारी बाबा झोपल्यावर ती टेबलाशी बसली, चष्मा पुसला, अक्षरं मोठी केली आणि साइट उघडली. गोष्टीऐवजी बोट पडलं ते 'अर्धविराम' या नावावर. भसकन सगळं उघडलं. अकरा वर्षांचे अभिप्राय. हजारावर असतील.

एका नवख्या लेखकाला तिनं लिहिलं होतं: 'वायरलेसवाला बूट काढतो आणि मोजे तसेच ठेवतो, तिथे मी थांबले. तळावर थंडी आहे असं तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत. तरी मी उठून खिडकी लावली.' दुसऱ्या कुणाला: 'डॉक्टरीणबाई खोटं बोलतात त्या वाक्यात मी थांबले. त्या आधी पाणी पितात. खोटं बोलायच्या आधी घसा ओला करावा लागतो हे तुम्हाला कुठून कळलं असेल, या विचारात माझी बस चुकली.'

आई वाचत गेली. ही आपली पोर? घरी पाहुणे आले की दाराआड उभी राहणारी, "बोल की गं काहीतरी" म्हटलं की पायाच्या अंगठ्याकडे बघणारी?

साइटवर एका कोपऱ्यात 'अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा' असं एक पान होतं. नवीन येणाऱ्याला आधी तिथे पाठवायचे. ते पानही अर्धविरामनंच लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं की आधी 'थांबा' सांगा. वाचताना जिथे नजर अडली, पुढे जावंसं वाटलं नाही, ती जागा म्हणजे थांबा. लिहिणाऱ्याला दुसरं काही नको असतं, आपल्यापाशी कुणी कुठे थांबलं एवढंच हवं असतं. नुसतं 'छान' लिहू नका. ते न वाचताही लिहिता येतं. आणि 'कुठेच थांबलो नाही' असं तर कधीच कळवू नका. तसं झालं असेल तर गप्प राहा, ते जास्त सभ्य.

आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे पोरीनं फोनवर विचारलं होतं ते हे. आणि आपण छाती पुढे काढून सांगितलं, कुठ्ठेसुद्धा थांबले नाही.

पान अजून बरंच होतं. पुढचा भाग कधी, असं विचारू नये. लिहिणारा माणूस आहे, नळ नाही. चुका दिसल्या तर चारचौघांत सांगू नयेत, आणि खासगीतही त्यानं विचारलं तरच. हे खरं घडलंय का, ही तुम्हीच का, असं कधीही विचारू नये. मला माझीच आठवण झाली, असं म्हणून आपलं पुराण लावू नये. अभिप्राय घेणाऱ्यानं वाद घालू नये, खुलासे करू नयेत, आणि कुणाकडे अभिप्राय मागू तर मुळीच नये. मागून मिळालेला अभिप्राय मोजत नाहीत. आपली गोष्ट लागली असेल तर पंधरा दिवस कट्ट्यावर फिरकू नये. लोकांना मोकळेपणी बोलू द्यावं.

कुणाकडे मागू नये. आणि पोरीनं आपल्याला दोनदा विचारलं, आईला वाटलं. नियम मोडून विचारलं.

लेकीच्या गोष्टीखाली अभिप्रायाचा रकाना रिकामा होता. शून्य. अकरा वर्षं ज्यांच्या एकेका मोज्यापाशी ही थांबली, त्यांच्यातलं एक माणूस फिरकलं नव्हतं? आईचं डोकं तापलं. ती तरातरा कट्ट्यावर गेली. कट्टा म्हणजे साइटवरची गप्पांची जागा, तिथे वाचायला कुणालाही मज्जाव नव्हता.

'अर्धविराम ताईंची गोष्ट वाचली का?' 'उलटी छत्री' नावाच्या कुणीतरी विचारलं होतं.

'तीनदा,' 'पाचवा मजला' म्हणत होता. 'पण त्यांना लिहायचं काय? त्या आपलं एकेक वाक्य उन्हात धरून बघतात. मी तिथे जाऊन मस्त म्हणू?'

'मस्त म्हणालास तर मी तुला ओळख दाखवणार नाही.'

'मग तू लिही ना, छत्रे.'

'मी चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. शाळेत बाईंच्या वहीवर शेरा मारल्यासारखं वाटलं. परीक्षा झाली की नीट बसून लिहीन.'

'मीपण. सुट्टीत.' हा 'जांभई'.

असे दहा-बारा जण. सगळे नीट बसून लिहिणार होते. आणि अर्धविराम आपल्याच नियमाप्रमाणे कट्ट्यावर येत नव्हती, म्हणून तिला यातलं अवाक्षर दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन, हात धुऊन, ती ते शून्य बघत असणार. आईला एकदा वाटलं, आत्ता फोन उचलावा आणि कट्टा वाचून दाखवावा. पण दुसऱ्यांचं बोलणं नेऊन पोचवायचं, तेही तिनं पाळलेला नियम मोडून, म्हणजे चहाडीच. शिवाय तिनं आईला विचारलं होतं, ते आईला काय वाटलं हे. जगाला काय वाटलं हे नव्हे.

मग शुक्रवारी आईनं गोष्ट वाचली. त्या तळावर एक स्वयंपाकी होता. अख्ख्या मालिकेत त्याला बोलायला दिलेलं वाक्य एकच, "ताट ठेवून जा." लेकीनं त्याचा एक दिवस लिहिला होता. सातातला एक जण वारलाय आणि स्वयंपाकी सात जणांचंच रांधतो. उरलेलं टाकत नाही, स्वतःही खात नाही. न वापरलेलं सातवं ताटही घासून ठेवतो. आईचे डोळे भरून आले. हेच सांगावं पोरीला, तिनं ठरवलं. मी सातव्या ताटापाशी थांबले.

पण ती थांबली होती त्याच्या पुढे. स्वयंपाक्याला त्याची लहानपणची खोली आठवते तिथे.

'आई दार वाजवायची. दोनदा. आणि ये म्हणायच्या आत आत यायची. मला वाटायचं, उत्तर नकोच असेल तर दार वाजवतात कशाला.'

एवढंच. पुढच्या ओळीत स्वयंपाकी पुन्हा कांदे सोलायला लागतो.

आई त्या ओळीवरून हलेना. तिला लेकीची खोली दिसली, दाराला लावलेलं निळं कापड दिसलं, आणि स्वतःची बोटं दिसली. टक टक, "काय करतेयस गं?" आणि आतच. काळजीपोटीच. पोर एवढी गप्प का, म्हणून. किती वेळा पोरीनं वही पालथी घातली असेल. तेव्हापासूनच लिहीत होती का ही?

शुक्रवारची रात्र कशीबशी गेली. आज शनिवारी सकाळी होल्डर बसला, दिवा लागला, आणि स्टुलावरून उतरता उतरता बाबांनी तोडगा काढला. आईनं त्यांना सगळं सांगितलं होतं, दार सोडून.

"त्यात काय एवढं? टाक की तूच एक अभिप्राय, दुसऱ्या नावानं. 'खवळलेला समुद्र' घे नाव. कोण बघतंय?"

आईनं तेही करून पाहिलं. खातं उघडलं, सातव्या ताटाबद्दल पाच ओळी लिहिल्या. चांगल्या उतरल्या होत्या. पाठवायचं बटण दाबणार तोच तिला लेकीच्या अभिप्रायांच्या पसाऱ्यात वाचलेला एक जुना वाद आठवला. कुणा लेखकानं आपल्याच बहिणीकडून खोट्या नावांनी वाहवा लिहून घेतली होती आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. अर्धविराम तेव्हा त्याच्यावर तुटून पडली नव्हती. तिनं एकच ओळ लिहिली होती: 'मला शून्य चालेल, पण खोटा एक नको.'

आईनं पाच ओळी पुसल्या.

"पाठवलंस?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"नाही. फोनच करते."

"मग कर ना. सांग तिला, ताटाचं वाचून तू रडलीस. खूश होईल."

"ताटाचं नाही सांगायचं."

"मग?"

"दुसरं आहे एक."

बाबा दारात आले, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पुन्हा बाहेर जाऊन बसले. कधी नव्हे ते शहाणपण.

आई टेबलाशीच बसली. सोमवारी पंधरा दिवस भरत होते. ताटाचं सांगणं सोपं होतं. पोरीला बरं वाटलं असतं, आपण सुटलो असतो, आणि तेही तसं खोटं नव्हतं. पण अडली होती ती दाराच्या ओळीवर, आणि ज्या मुलीनं अकरा वर्षं अनोळखी लोकांना खरी जागा सांगितली तिला त्याऐवजी ताटाची जागा दाखवून फसवायचं, हे काही तिला जमेना. मग तिनं मनातल्या मनात बोलून बघितलं. दार वाजवते तिथे मी थांबले. यापुढे जीभ आपोआप वळवळायला लागली. ती आई म्हणजे मी का गं? मी काळजीनं यायचे, तुला कळायचं ना? एवढा राग होता तर तेव्हाच का नाही बोललीस? एकेक वाक्य तिनं तोंडात घेतलं आणि गिळलं. पोरीच्या पानावर यातल्या प्रत्येकाला मनाई होती. विचारायचं नाही. आपलं पुराण लावायचं नाही. खुलासा तर लिहिणाऱ्यानंही करायचा नसतो, मग वाचणाऱ्यानं कुठला.

आधी मात्र एक कबुली द्यायची होती. त्या बुधवारी मी वाचली नव्हती, खोटं बोलले. आता वाचली. मी अमुक ठिकाणी थांबले. एवढी तीन वाक्यं. त्यानंतर गप्प राहायचं, पलीकडून काही येवो न येवो, पाच मिनिटं लागोत की दहा. एरवी तिला फोनवर तीन सेकंदांची शांतता सोसवत नसे, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना?" सुरू व्हायचं. तिनं पाण्याचा ग्लास भरून जवळ ठेवला. तोंडात घोट धरून बसता येईल.

लॅबमध्ये दीड वाजता पॉलिशची चाकं बंद होतात. मग त्या पाच जणी कोपरापर्यंत हात धुतात, डबे उघडतात. लेक भिंतीकडच्या खुर्चीवर बसते, हे आईनं पाहिलेलं होतं. "जेवणाच्या सुट्टीत नको करूस गं, सगळ्या असतात," असं ती नेहमी सांगायची. पण सुट्टीत निदान "कामात आहे" म्हणता येणार नव्हतं.

एक पस्तीस झाले. हात धुऊन झाले असतील. आईनं चष्मा लावला, लेकीचं नाव काढलं आणि फोन कानाला लावला.